सेंद्रिय रसायनशास्त्रातले मेकॅनिझम: कोऱ्या कागदावर शिकण्याची पद्धत

विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्राचं पहिलं सत्र संपत येतं तेव्हा बहुतेकांच्या वहीत एक लांबलचक तक्ता तयार झालेला असतो. डावीकडे सुरुवातीचं संयुग, बाणावर रीएजंट, उजवीकडे उत्पादित. त्या परीक्षेपुरता तो कामही देतो. पुढच्या सत्रांत एनोलेट, पुनर्रचना, पेरिसायक्लिक अभिक्रिया येतात, ओळी वाढतच जातात आणि कधीतरी पाठांतर कोलमडतं.

मेकॅनिझम, म्हणजे अभिक्रियेत इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने कसे हलतात याचं वर्णन, हा त्या तक्त्यात जोडायचा आणखी एक रकाना, असं समजून अभ्यास केला तर ओझं दुप्पट होतं. खरं तर त्याने तक्त्याची जागा घ्यायला हवी. इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत, कुठे कमी, बंध तुटल्यावर प्रभार कोण सांभाळणार, एवढं पाहता आलं की शेकडो ओळी पाच-सहा मूळ हालचालींत मावतात. ही नजर वाचून येत नाही, हाताने काढूनच येते. म्हणून खाली जे सांगतो आहे ते सगळं कागद आणि पेन्सिल समोर ठेवून करायचं आहे. क्रमही महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन पायऱ्या कच्च्या ठेवून पुढे गेलेल्या मुलांना तिसरीपाशी हटकून अडताना मी पाहिलं आहे.

## आधी रचना नीट काढा

हे फार प्राथमिक वाटेल, म्हणून थोडक्यात. नागमोडी रेषांनी रेणू काढताना हायड्रोजन आणि लोन पेअर (बंधात न अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) दिसेनासे होतात, आणि अभिक्रिया तर बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच घडते. पहिले काही महिने तरी, ज्या अणूंवर काही घडणार आहे तिथले सगळे लोन पेअर आणि हायड्रोजन काढायचेच. मग औपचारिक प्रभार मोजायचा: अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन, वजा त्याच्यावरच्या लोन पेअरमधले इलेक्ट्रॉन, वजा त्याचे बंध. ऑक्सिजनला तीन बंध आणि एक लोन पेअर असेल तर ६ − २ − ३, म्हणजे +१. नायट्रोजनला चार बंध असतील तर ५ − ० − ४, पुन्हा +१. नायट्रोमिथेन, ओझोन, डायॲझोमिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड या चार रेणूंच्या लुइस रचना प्रभारांसकट न अडखळता काढता आल्या, तर ही पायरी झाली असं समजा.

रेझोनन्सबद्दल एकच गोष्ट पक्की ठेवा. रेझोनन्सच्या रचनांमध्ये अणू जागचे हलत नाहीत, फक्त इलेक्ट्रॉन वेगळे दाखवले जातात, आणि खरा रेणू त्या सगळ्यांचं मिळून एकच रूप असतो. अणू हलला, मग तो नुसता हायड्रोजन का असेना, तर ती वेगळी संयुगं झाली. कीटोन आणि त्याचा एनॉल यांचं नातं हे असं आहे. त्यांच्यात समतोलाचा बाण येतो, रेझोनन्सचा नाही.

## पीकेए: अभ्यासातला सगळ्यात किफायतशीर तास

पाठ करण्यासारखी एकच गोष्ट सुचवायला सांगितलीत तर मी पीकेएचे दहा-बारा आकडे सांगेन. पीकेए म्हणजे संयुग किती सहज प्रोटॉन सोडतं याचं माप: आकडा जितका लहान तितकं आम्ल प्रबळ. दशांश चिन्हानंतरचे अंक महत्त्वाचे नाहीत, मोजपट्टीवरची जागा महत्त्वाची. हायड्रोनियम −१.७, ॲसिटिक आम्ल ४.८, अमोनियम आयन ९.२, फिनॉल १०, साधे थायॉल साडेदहाच्या आसपास, पाणी १५.७, इथेनॉल १६, ॲसिटोन १९ ते २०, इथाइल ॲसिटेट २५, टोकाला तिहेरी बंध असलेलं अल्काइनही २५, अमोनिया सुमारे ३८ आणि मिथेन ५० च्या आसपास.

हे आकडे लॉगॅरिथमचे आहेत, त्यामुळे दोन आकड्यांतला फरक थेट समतोल स्थिरांक सांगतो. अल्काइनचा प्रोटॉन सोडियम हायड्रॉक्साइडने काढता येईल का? २५ वजा १५.७, म्हणजे समतोल साधारण दोन अब्जांत एक इतका उलट बाजूला. सोडियम अमाइडने? ३८ वजा २५, म्हणजे १० चा तेरावा घात, या वेळी आपल्या बाजूने. रीएजंट पाठ न करता निवडला गेला.

या मोजपट्टीतून रेझोनन्सचा धडाही मिळतो, आणि तो मला पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा मोलाचा वाटतो. फिनॉलचा पीकेए १०. मेटा-नायट्रोफिनॉलचा ८.४. पॅरा-नायट्रोफिनॉलचा ७.१. मेटा जागेवरून नायट्रो गट इलेक्ट्रॉन नुसते ओढून घेतो, तरी आम्लता चाळीसपट वाढते. पॅरा जागेवरून ऑक्सिजनवरचा ऋण प्रभार कड्यातून थेट नायट्रो गटाच्या ऑक्सिजनपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून आणखी वीसपट. दोन्ही ॲनायनच्या रेझोनन्स रचना स्वतः काढून बघा. मेटामध्ये प्रभार नायट्रो गटावर आणायचा प्रयत्न करा. तो येणारच नाही, आणि का येत नाही ते हाताला कळेल.

लीव्हिंग ग्रुप, म्हणजे अभिक्रियेत बंधाचे इलेक्ट्रॉन घेऊन निघून जाणारा गट, हाही इथूनच समजतो. जो आयन दुर्बल आम्लारी आहे, म्हणजे ज्याचं संयुग्मी आम्ल प्रबळ आहे, तो सहज निघून जातो. आयोडाइड, ब्रोमाइड, टोसिलेट जातात, हायड्रॉक्साइड जात नाही. अल्कोहोलला प्रोटॉन दिला की निघणारा घटक पाणी होतो आणि चित्र बदलतं. इथे एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा लागतो. एसएन२ मध्ये (जिथे नवा गट जोडला जाताना त्याच वेळी जुना निघतो) अल्कॉक्साइड बाहेर पडत नाही, पण एस्टरवर न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन बंध बनवणारा घटक) चढून तयार झालेल्या चतुष्फलकीय इंटरमीडिएटमधून तोच अल्कॉक्साइड आरामात बाहेर पडतो. कारण तिथे ऑक्सिजनवरचा ऋण प्रभार आतून ढकलत असतो आणि बदल्यात मजबूत कार्बोनिल बंध परत मिळतो. ‘चांगला’ आणि ‘वाईट’ लीव्हिंग ग्रुप हे शेरे संदर्भ सोडून वापरता येत नाहीत.

तसंच, आम्लारीचं बळ आणि न्यूक्लिओफाइलची तत्परता एक नव्हे. आयोडाइड अतिशय दुर्बल आम्लारी, पण कार्बनवर हल्ला करायला पुढे. थायोलेट हा इथॉक्साइडपेक्षा लाखो पटींनी दुर्बल आम्लारी असूनही सरस न्यूक्लिओफाइल. टर्शरी ब्युटॉक्साइडचं उलट: आम्लारी म्हणून जोरदार, पण अंगाने इतका पसरट की कार्बनपर्यंत पोहोचत नाही, प्रोटॉनच उचलतो. पीकेए समतोलाबद्दल बोलतो, न्यूक्लिओफाइलपणा वेगाबद्दल.

## वक्र बाणांचं व्याकरण

इलेक्ट्रॉनांची हालचाल वाकड्या बाणांनी दाखवायची पद्धत १९२२ साली केरमॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या लेखनात पहिल्यांदा दिसते. पुढे १९३० च्या दशकात क्रिस्टोफर इनगोल्ड आणि एडवर्ड ह्यूज यांनी प्रतियोजन (एका गटाच्या जागी दुसरा येणं) आणि विलोपन (गट निघून दुहेरी बंध बनणं) अभिक्रियांची वर्गवारी केली आणि आज आपण वापरतो ती एसएन१, एसएन२, ई१, ई२ ही भाषा रुळली (एसएन म्हणजे प्रतियोजन, ई म्हणजे विलोपन, आकडा म्हणजे वेग ठरवणाऱ्या टप्प्यात किती रेणू भाग घेतात ते). शंभर वर्षांत या बाणांचे नियम फारसे बदललेले नाहीत.

बाण इलेक्ट्रॉनांपासून सुरू होतो: एखाद्या लोन पेअरपासून, पाय बंधापासून किंवा सिग्मा बंधापासून. तो जिथे नवा बंध होणार किंवा जिथे लोन पेअर जाऊन बसणार तिथे संपतो. पूर्ण टोकाचा बाण म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी, अर्ध्या टोकाचा म्हणजे एकच इलेक्ट्रॉन. बाण कधीही धन प्रभारापासून निघत नाही. प्रोटॉन ‘जातो’ असं आपण बोलतो, म्हणून हात आपोआप हायड्रोजनपासून बाण काढायला लागतो. प्रत्यक्षात आम्लारीचा लोन पेअर हायड्रोजनकडे येतो आणि हायड्रोजनचा जुना बंध ज्या अणूला लागून होता त्या अणूवर कोसळतो. दोन बाण, दोन्ही इलेक्ट्रॉनांपासून.

प्रत्येक टप्पा काढून झाला की तीन तपासण्या करा, अगदी न चुकता:

- कार्बनला पाच बंध तर झाले नाहीत ना?
- बाणाच्या आधीचा आणि नंतरचा एकूण प्रभार सारखाच आहे ना?
- द्रावणात जे असूच शकत नाही असं काही काढलं आहे का?

तिसरी तपासणी सगळ्यात जास्त गुण आणि सगळ्यात जास्त समज देते. आम्लधर्मी द्रावणात हायड्रॉक्साइड किंवा अल्कॉक्साइड मोकळे फिरत नाहीत. आम्लारीधर्मी द्रावणात हायड्रोनियम किंवा प्रोटॉनयुक्त कार्बोनिल दाखवता येत नाही. फिशर पद्धतीने आम्ल आणि अल्कोहोलपासून एस्टर बनवण्याचा मेकॅनिझम घ्या. माध्यम आम्लधर्मी आहे, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक रचनेवर एकतर धन प्रभार असेल किंवा काहीच नसेल. कार्बोनिल ऑक्सिजनला प्रोटॉन, मग अल्कोहोलचा हल्ला, प्रोटॉनची एका ऑक्सिजनवरून दुसऱ्याकडे बदली, पाणी बाहेर, शेवटी प्रोटॉन परत. हा नियम पाळून सहाही टप्पे स्वतः काढले की दिसतं, कुठला टप्पा आधी हे पाठ करायची गरजच नव्हती. बाकीच्या वाटा माध्यमानेच बंद केल्या होत्या.

## नवी अभिक्रिया समोर आली की

पहिल्यांदा दिसलेल्या अभिक्रियेवर उत्तर न बघता काम करायची सवय लावायची आहे. मी स्वतःला आणि शिकणाऱ्यांना ज्या क्रमाने विचारतो तो असा. सुरुवातीच्या संयुगात आणि उत्पादितात नेमके कोणते बंध नवे, कोणते तुटले? अणूंना क्रमांक देऊन हे शोधा, नजरेने नाही. मग: सगळ्यात इलेक्ट्रॉनसमृद्ध जागा कोणती, सगळ्यात इलेक्ट्रॉनांची भुकेली कोणती? माध्यम आम्लधर्मी, आम्लारीधर्मी की उदासीन? आणि पहिल्या हालचालीनंतर जे तयार झालं ते स्थिर व्हायला आणखी कुठे जाऊ शकतं?

३-मिथाइल-१-ब्युटीन आणि हायड्रोजन क्लोराइड हे उदाहरण बघा. दुहेरी बंधाचे पाय इलेक्ट्रॉन प्रोटॉन उचलतात. प्रोटॉन टोकाच्या कार्बनवर बसतो, कारण त्यामुळे धन प्रभार सेकंडरी कार्बनवर येतो. दुसऱ्या बाजूने बसला असता तर प्रायमरी कार्बोकॅटायन झाला असता. मार्कोवनिकोव्हचा नियम इथे संपला, आणि तक्त्यावर विसंबणारा विद्यार्थी २-क्लोरो-३-मिथाइलब्युटेन लिहून थांबतो. शेवटचा प्रश्न विचारणारा मात्र शेजारच्या कार्बनकडे बघतो. तिथे एक हायड्रोजन आणि दोन मिथाइल गट आहेत. तो हायड्रोजन आपल्या दोन्ही इलेक्ट्रॉनांसह एक घर सरकला तर प्रभार टर्शरी कार्बनवर जातो. म्हणून २-क्लोरो-२-मिथाइलब्युटेनही मिळतं, आणि प्रत्यक्षात दोन्हींचं मिश्रण हाती येतं. कार्बोकॅटायन काढलात की शेजारी बघायचं, हा एक संस्कार अनेक पुनर्रचना आपोआप शिकवतो.

आता क्लेझन संघनन, म्हणजे दोन एस्टर रेणू एकमेकांना जोडणारी अभिक्रिया. माझ्या मते मेकॅनिझमची समज तपासायला यापेक्षा चांगली अभिक्रिया पदवीच्या अभ्यासक्रमात नाही, म्हणून इथे जरा थांबू.

इथाइल ॲसिटेट आणि सोडियम इथॉक्साइड. पहिला टप्पा: इथॉक्साइड एस्टरच्या कार्बोनिलशेजारचा प्रोटॉन काढतो. पीकेए बघा, एस्टर २५ आणि इथेनॉल १६. समतोल एक अब्जपट उलट. म्हणजे कोणत्याही क्षणी प्रोटॉन गेल्यावर उरणारा ॲनायन, एनोलेट, अगदी नगण्य असतो, आणि आजूबाजूला शाबूत एस्टर भरपूर. तो एनोलेट दुसऱ्या एस्टरच्या कार्बोनिलवर हल्ला करतो, चतुष्फलकीय इंटरमीडिएट बनतं, इथॉक्साइड बाहेर पडतो, बीटा-कीटो एस्टर तयार होतो. इथवरचे सगळे टप्पे उलटणारे आहेत आणि एकूण हिशेब फारसा अनुकूल नाही. मग अभिक्रिया पुढे का जाते? तयार झालेल्या बीटा-कीटो एस्टरमध्ये दोन कार्बोनिलांच्या मधला प्रोटॉन आहे, त्याचा पीकेए ११. इथॉक्साइड तो काढतो आणि इथे समतोल लाखपट आपल्या बाजूला असतो. हा शेवटचा टप्पा सगळी साखळी पुढे ओढतो. म्हणूनच इथॉक्साइड उत्प्रेरकाच्या मात्रेत पुरत नाही, पूर्ण तुल्य मात्रेत लागतो, आणि शेवटी आम्ल घालून प्रोटॉन परत द्यावा लागतो.

हे स्पष्टीकरण खरं असेल तर त्यातून एक भाकीत निघतं. उत्पादितात तो मधला प्रोटॉनच नसेल तर अभिक्रिया अडायला हवी. इथाइल आयसोब्युटिरेट घ्या. त्यात कार्बोनिलशेजारी एकच हायड्रोजन आहे, तो पहिल्याच टप्प्यात खर्च होतो, उत्पादितात काढायला काही उरत नाही. आणि खरोखर, सोडियम इथॉक्साइडने हे संघनन होत नाही. ट्रायफिनाइलमिथाइल सोडियमसारखी फार प्रबळ आम्लारी वापरावी लागते.

आणखी दोन प्रश्न स्वतः सोडवा. इथॉक्साइडऐवजी हायड्रॉक्साइड वापरला तर काय बिघडेल? मिथॉक्साइड वापरला तर? दोन्हींची उत्तरं न्यूक्लिओफाइल कार्बोनिलवर चढल्यावर बाहेर कोण पडतं, यात आहेत.

## प्रतियोजन की विलोपन

या प्रकरणावर सगळ्यात जास्त तक्ते बनतात. माझा सल्ला असा की आधी कार्बन बघा, मग रीएजंट, द्रावक सगळ्यात शेवटी.

मिथाइल आणि प्रायमरी कार्बनवर एसएन२ सहज होतं, टर्शरीवर होत नाही, कारण न्यूक्लिओफाइलला लीव्हिंग ग्रुपच्या बरोबर मागून यावं लागतं आणि तिथे वाट उरत नाही. निओपेंटाइल ब्रोमाइड नावाला प्रायमरी असूनही त्याचं एसएन२ जवळजवळ ठप्प असतं. शेजारच्या कार्बनवरचे तीन मिथाइल गट मागची वाट अडवतात. तेव्हा ‘प्रायमरी’ हा शब्द वाचू नका, आकार बघा. टर्शरी कार्बन आणि प्रबळ आम्लारी एकत्र आले तर ई२. टर्शरी कार्बन, दुर्बल न्यूक्लिओफाइल आणि पाण्यासारखं ध्रुवीय द्रावक असेल तर एसएन१ आणि ई१ चं मिश्रण. खरी कसोटी सेकंडरीवर लागते. तिथे आम्लारीचं बळ निर्णायक: ॲसिटेट किंवा थायोलेट असेल तर प्रतियोजन, इथॉक्साइड असेल तर विलोपनाकडे कल.

ई२ साठी भूमिती समजणं अपरिहार्य आहे. निघणारा हायड्रोजन आणि लीव्हिंग ग्रुप एकमेकांच्या विरुद्ध, एकाच प्रतलात हवेत. सहा कार्बनांच्या कड्यात याचा अर्थ दोन्ही अक्षीय, म्हणजे कड्याच्या प्रतलाला काटकोनात वर-खाली. मेंथाइल क्लोराइड आणि निओमेंथाइल क्लोराइड ही जोडी मॉडेल किट घेऊन बांधा. निओमेंथाइलच्या स्थिर खुर्चीरूपात क्लोरीन आधीच अक्षीय असतो आणि दोन्ही बाजूंना योग्य हायड्रोजन असतात. विलोपन पटकन होतं आणि जास्त प्रतियोजित अल्कीन अधिक मिळतं. मेंथाइलमध्ये क्लोरीन अक्षीय करायचा तर कडं उलटावं लागतं, आणि तेव्हा तीनही गट अक्षीय होतात. अभिक्रिया सुमारे २०० पटींनी मंदावते, आणि तेव्हाही एकाच बाजूला योग्य हायड्रोजन असल्याने फक्त कमी प्रतियोजित अल्कीन मिळतं. जास्त प्रतियोजित अल्कीन अधिक मिळतं हा झाइत्सेव्हचा नियम भूमितीपुढे हरतो. कागदावरच्या चपट्या षट्कोनात यातलं काहीच दिसत नाही. मॉडेल किटवर खर्च केलेला वेळ वाया जात नाही.

## हे कळलं कसं?

वर्गात सगळ्यात कमी वेळ मिळतो तो या भागाला, आणि माझ्या दृष्टीने सेंद्रिय रसायनशास्त्राचं सौंदर्य इथेच आहे. एकही इलेक्ट्रॉन कुणी बंधातून सरकताना पाहिलेला नाही. मेकॅनिझम हा पुराव्यांवरून काढलेला निष्कर्ष असतो, आणि तो कधी सिद्ध होत नाही. इतर शक्यता एकेक करून बाद होतात आणि जो उरतो तो आपण सध्या स्वीकारतो.

एसएन२ मध्ये रेणू उलटा होतो, छत्री वाऱ्याने उलटते तसा, हे वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रत्येक हल्ल्यात उलटा होतो हे कशावरून? १९३५ साली ह्यूज आणि सहकाऱ्यांनी प्रकाशसक्रिय (ध्रुवित प्रकाशाचं प्रतल फिरवणारं) २-आयोडोऑक्टेन घेतलं आणि ॲसिटोनमध्ये त्यावर किरणोत्सारी आयोडाइडची अभिक्रिया केली. आयोडीनच्या जागी आयोडीनच येतो, म्हणजे संयुग तेच राहतं. दोन गोष्टी मोजल्या: किरणोत्सारी आयोडीन किती वेगाने आत शिरतो, आणि प्रकाशसक्रियता किती वेगाने नाहीशी होते. दुसरा वेग पहिल्याच्या बरोबर दुप्पट निघाला. आता विचार करा. एक रेणू उलटला की त्याची स्वतःची सक्रियता जाते, शिवाय तो न उलटलेल्या आणखी एका रेणूची सक्रियता रद्द करतो. दुप्पट हा आकडा तेव्हाच येतो जेव्हा प्रत्येक प्रतियोजनाला एक उलटणं घडतं. इतक्या साध्या हिशेबातून इतका मोठा निष्कर्ष!

एस्टरचं जलापघटन होताना एस्टरच्या ऑक्सिजनचा नेमका कुठल्या बाजूचा बंध तुटतो, हा असाच प्रश्न. १९३४ मध्ये पोलानी आणि झाबो यांनी अमाइल ॲसिटेटचं जलापघटन जड ऑक्सिजन असलेल्या पाण्यात केलं. जड ऑक्सिजन तयार झालेल्या अल्कोहोलमध्ये आलाच नाही. म्हणजे अल्कोहोलने आपला जुना ऑक्सिजन सोबत ठेवला आणि बंध कार्बोनिलच्या बाजूने तुटला.

तिसरं उदाहरण १९५३ चं. रॉबर्ट्‌स आणि सहकाऱ्यांनी क्लोरोबेंझीनमधल्या क्लोरीनला जोडलेल्या कार्बनवर कार्बन-१४ ची खूण ठेवली आणि द्रव अमोनियात पोटॅशियम अमाइडशी अभिक्रिया केली. ॲनिलीन मिळालं, पण अमिनो गट खुणेच्या कार्बनवर आणि त्याच्या शेजारच्या कार्बनवर जवळपास सारख्याच प्रमाणात होता. थेट प्रतियोजन असतं तर तो एकाच जागी दिसला असता. मध्ये दोन्ही कार्बन सारखेच असलेलं काहीतरी बनत होतं: बेंझाइन.

याखेरीज ड्यूटेरियमचा उपयोग शिकून घ्या. वेग ठरवणाऱ्या टप्प्यात कार्बन-हायड्रोजन बंध तुटत असेल तर हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घातल्यावर सर्वसाधारण तापमानाला वेग सहा-सात पटींपर्यंत घटू शकतो. बेंझीनच्या नायट्रेशनमध्ये तसा फरक पडत नाही. यावरून प्रोटॉन निघून जाण्याचा टप्पा वेग ठरवत नाही, नायट्रोनियम आयनचा हल्ला ठरवतो, असं म्हणता येतं.

प्रत्येक नवा मेकॅनिझम शिकताना वहीत त्याच्याखाली एक ओळ मोकळी सोडा: ‘पुरावा काय?’ ती भरता आली नाही तर शिक्षकांना विचारा. चांगल्या शिक्षकांना हा प्रश्न फार आवडतो.

## ऊर्जेचे आलेख आणि तापमान

ऊर्जा-आलेख शोभेसाठी काढू नका. प्रत्येक मेकॅनिझमसोबत काढा. शिखर म्हणजे ट्रान्झिशन स्टेट, दरी म्हणजे इंटरमीडिएट. एक आकडा जवळ ठेवा: २५ अंश सेल्सिअसला ५.७ किलोज्यूल प्रति मोल फरक म्हणजे वेगात किंवा समतोलात दहापट फरक. मिथाइल सायक्लोहेक्झेनमध्ये मिथाइल अक्षीय असणं ७.३ किलोज्यूलने महाग पडतं, म्हणून सुमारे ९५ टक्के रेणू तो विषुववृत्तीय (कड्याच्या कडेने बाहेर) ठेवतात. आकडा हाताशी असला की ‘थोडं जास्त स्थिर’ या गुळमुळीत शब्दांना वजन येतं.

कार्बोकॅटायनच्या स्थिरतेवरून वेगाचा अंदाज बांधतो तेव्हा आपण जॉर्ज हॅमंड यांनी १९५५ मध्ये मांडलेलं गृहीतक वापरत असतो: ऊर्जेने जे जवळ, ते रचनेनेही जवळ. चढणीच्या टप्प्यात ट्रान्झिशन स्टेट कार्बोकॅटायनसारखा दिसतो, म्हणून त्याच्या स्थिरतेबद्दल बोलणं रास्त ठरतं.

१,३-ब्युटाडाईन आणि हायड्रोजन ब्रोमाइड हे तापमानाचं उत्तम उदाहरण. −८० अंशांना १,२-उत्पादित सुमारे ८० टक्के. ४० अंशांना १,४-उत्पादित सुमारे ८० टक्के. थंडीत जे लवकर बनतं तेच हाती राहतं, ऊब मिळाली की अभिक्रिया उलटू शकते आणि अधिक स्थिर उत्पादित साचतं. एकाच आलेखावर दोन्ही वाटा काढून हे दाखवता आलं पाहिजे.

## ऑर्बिटल कधी आणायची

वक्र बाण बसल्यावर, त्याआधी नाही. एसएन२ मध्ये हल्ला मागूनच का, याचं पूर्ण उत्तर ऑर्बिटलमध्ये आहे: न्यूक्लिओफाइलचं भरलेलं ऑर्बिटल कार्बन आणि लीव्हिंग ग्रुप यांच्यातल्या रिकाम्या प्रतिबंधी ऑर्बिटलला भेटतं, आणि त्याची मोठी पाळी मागच्या बाजूला असते. कार्बोनिलवर न्यूक्लिओफाइल काटकोनात न येता साधारण १०७ अंशांनी येतो तोही याच कारणाने. केनिची फुकुई यांनी १९५२ मध्ये सीमावर्ती ऑर्बिटलांची कल्पना मांडली. वुडवर्ड आणि हॉफमन यांचे सममितीचे नियम १९६५ मध्ये आले. डील्स-आल्डरसारख्या अभिक्रियांत न्यूक्लिओफाइल आणि इलेक्ट्रोफाइल वेगळे दाखवून भागत नाही, ऑर्बिटलांची चिन्हं जुळवावी लागतात. ते प्रकरण येईपर्यंत ब्युटाडाईन आणि इथिलीनची पाय ऑर्बिटल चिन्हांसह काढता यायला हवीत.

## आठवड्याची आखणी

व्याख्यानाच्या दिवशीच, वही मिटून, त्या दिवसाचा एक मेकॅनिझम कोऱ्या कागदावर काढा. अडलात तर वही उघडून पुढचा फक्त एक बाण बघा आणि पुन्हा मिटा. छापील मेकॅनिझमवर मार्कर फिरवत बसल्याने ओळख वाढते, पण स्वतः काढायची क्षमता नाही, आणि परीक्षेत दुसरीच मागितली जाते. तोच मेकॅनिझम तीन-चार दिवसांनी वेगळ्या संयुगावर काढा: ॲसिटाल्डिहाइडवर शिकलेलं आल्डॉल सायक्लोहेक्झेनोनवर. साखळी बदलली, कडं आलं, तरी बाण तेच राहतात हे जाणवलं की आत्मविश्वास येतो.

दोघा-तिघांनी मिळून फळ्यावर काढणं फार उपयोगी. काढणाऱ्याने प्रत्येक बाणाला कारण बोलून दाखवायचं, ऐकणाऱ्यांनी प्रत्येक वेळी ‘दुसरीकडे का नाही?’ विचारायचं. उत्तर ‘पुस्तकात असंच आहे’ असं आलं तर तिथे थांबायचं आणि पीकेए, रेझोनन्स किंवा भूमिती यांतलं एक कारण मिळेपर्यंत पुढे जायचं नाही.

चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवा आणि त्यात चूक कोणत्या जातीची ते लिहा: प्रभार मोजण्यात, माध्यम विसरण्यात, शेजारचा हायड्रोजन न बघण्यात की भूमितीत. काही आठवड्यांत स्वतःचा कल दिसतो आणि सराव नेमका तिथे करता येतो.

परीक्षेत अनोळखी मेकॅनिझमपाशी अडलात तर कार्बन मोजा, उत्पादितात सुरुवातीचे कार्बन कुठे गेले ते क्रमांकांनी जुळवा आणि माध्यमाकडे बघून पहिला प्रोटॉन कुणी दिला किंवा कुणी घेतला एवढंच काढा. पहिला योग्य बाण कागदावर उतरला की दुसऱ्यासाठी शक्यता बहुधा दोन-तीनच उरतात, आणि त्यातली कोणती हे वर सांगितलेल्या तीन तपासण्या ठरवतात.